पुईखडीचा चढ

"दाबा!" मी गाडीखालून ओरडलो.

"दाबलं," वरून वहिनींचा आवाज आला.

"धरा. मी सोडा म्हणेपर्यंत सोडायचं न्हाई."

"धरलंय हो. किती वेळा सांगाल?"

मी पाना फिरवून हवा काढायचा निपल अर्धा आटा सैल केला. प्लास्टिकच्या नळीतून तेल फसफसत बाटलीत उतरलं, त्यात चार-पाच बुडबुडे. निपल आवळला.

"सोडा."

"सोडलं."

क्लचच्या नळीतली एअर काढायचं काम एकट्याचं नाही. वर एक माणूस पायडलवर लागतो, खाली एक पाना धरून. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, म्हणून सगळं बोलून करायचं. वरच्यानं तोंडानं 'दाबलं' म्हटल्याशिवाय खालच्यानं पान्याला हात लावायचा नाही. अंदाजानं सोडलंस तर काढलेली हवा पुन्हा आत, आणि झालेलं सगळं काम पाण्यात. हे मला जयवंतदादानं शिकवलं होतं. गाडीही त्याचीच. आणि पायडलवर बसलेल्या वैजयंतावहिनी त्याची बायको. दादा जाऊन तेव्हा सोळा महिने झाले होते. कावीळ झाली आणि अकरा दिवसांत माणूस संपला. बत्तिसाव्या वर्षी.

सत्त्याण्णव सालचा फेब्रुवारी. कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत आमचं घर, घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये आमचं लेथ. मी सत्तावीस वर्षांचा. दुपारचा सव्वा वाजला होता आणि पाच वाजता ज्योतीराममामा जीप घेऊन येणार होते, बरोबर भावकीतली चार मोठी माणसं. बैठक बसायची होती. विषय एकच, वहिनींचा आणि माझा पाट.

आमच्या भावकीत हे काही नवल नव्हतं. थोरला गेला आणि धाकटा बिनलग्नाचा असला, तर घरची लक्ष्मी घरात ठेवायची. बैठकीत बाईला विचारायचीही रीत होती, नाही असं नाही. पण त्या विचारण्यात काही अर्थ नव्हता. चार मिशाळ बाप्ये समोर बसलेत, डोक्यावर पदर घेतलेली बाई खाली बघतीय, ती काय बोलणार? गप्प बसली की होकार धरायचा आणि सुपारी फोडायची. मी लहानपणापासून अशा तीन बैठका बघितल्या होत्या. तिन्ही वेळा सुपारी फुटली.

मला मात्र आठ दिवस आधी आईनं रीतसर विचारलं होतं. मी मान खाली घालून म्हणालो, "तुम्ही म्हणाल तसं." आई म्हणाली, "गुणाचं माझं लेकरू." कसलं गुणाचं! मनातून मी नाचत होतो. दादा असताना मी कधी वाकडं पाऊल टाकलं नाही, वाकड्या नजरेनं बघितलंसुद्धा नाही, हे छातीवर हात ठेवून सांगतो. पण वहिनी मला आवडायच्या. पहिल्यापासून. सख्ख्या भावाच्या बायकोबद्दल असं वाटतं म्हणून मी माझ्याच मुस्काटात मारून घ्यायचा बाकी राहिलो होतो. आणि आता तीच गोष्ट घरातली माणसं ताटात वाढून माझ्यापुढं ठेवत होती. चैन कुठली पडायला! आठ दिवस मला धड जेवण नाही, धड झोप नाही. लेथवर दोनदा जॉब वाया घालवला.

"भाऊजी, झोपलात का खाली?"

"नाही, नाही. दाबा."

"दाबलं."

त्यात ही क्लचची भानगड. ही गाडी म्हणजे दादाचा नाद. विलायती, दोनच सीटा, वर कापडी टप, रंग मोरपंखी. एका इनामदारांच्या बंगल्यावर कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या, तिथून दादानं ती ओढून आणली आणि तीन वर्षं खपून उभी केली. घाटातल्या शर्यतीत पळवायची म्हणून तिला कडक स्प्रिंगची क्लचप्लेट घातली. पळायची जोरात, पण पायडल दगड. मला ते दाबताना मांडीत गोळा यायचा. ते हलकं करायचं म्हणून दादानं सामान आणून ठेवलं होतं. वरचा सिलिंडर लहान बोअरचा, खालचा मोठा, मधे स्टीलच्या जाळीची नळी, आणि दोन सिलिंडरांच्या रबरांचे दोन-दोन सेट. बिस्किटाच्या डब्यात सगळं तसंच राहिलं होतं.

आठ दिवसांपूर्वी वहिनी शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, एक काम सांगू का? या गाडीचा क्लच मला दाबता येईल असा करून द्याल?" त्यांना गाडी चालवायला दादानंच शिकवलं होतं. गाडी कागदोपत्री त्यांच्याच नावावर होती. पण एवढीशी चण, तो दगड त्यांना दाबवायचा नाही.

मी अर्थ काय काढला? बैठकीची कुणकुण लागलीय, तरी गाडी दुरुस्त करून मागतायत. म्हणजे इथंच राहायचं ठरवलंय. म्हणजे, म्हणजे त्यांच्या मनात... चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. मी कामाला लागलो. लहान सिलिंडरानं पाय हलका होतो, पण खालचा रेटा तोकडा पडतो, म्हणून लेथवर नवा पुशरॉड बनवला, दोन वेळा मोडला, तिसऱ्यांदा जमला. त्या दिवशी, शनिवारी, सकाळी नऊला सिलिंडरांत रबरं बसवली, बाराला ते गाडीवर चढवले. आता एवढी एअर निघाली की संपलं.

"रघ्याऽऽ!" आईची हाक आली. "आरं, आंगूळ कर की रं आता! मामा यायची येळ हुईल. तेलकट थोबाड घिऊन बसणार हाईस व्हय बैठकीत?"

"आलो, आलो!"

आई आत गेली. मग वहिनी म्हणाल्या, "आज पाच वाजता काय आहे, भाऊजी?"

माझ्या हातातला पाना घसरला. "मामा येणारेत."

"ते कळलं. कशाला?"

मी घसरलेला पाना चाचपडत शोधायला लागलो.

"मला माहीत आहे कशाला," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण एकेक शब्द सुटा येत होता. गारगोटीच्या मास्तरांची मुलगी, बोलणं आमच्यासारखं अघळपघळ नाही. "तुम्ही गाडीखाली आडवे पडून एवढ्याशा पायडलसाठी मला दहादहा वेळा विचारता, दाबलं का, धरलं का, सोडलं का. आणि घरात माझ्या आयुष्याचं ठरलं, ते मला एका शब्दानं कुणी विचारलं?"

"वहिनी, मी..."

"तुमच्यावर राग नाही माझा. तुमच्याही गळ्यात मारलंच असणार."

इथं बोलायला हवं होतं. नाही वहिनी, माझ्या गळ्यात कुणी मारलेलं नाही, मला तुम्ही हव्या आहात, आणि चुकलं माझं, मी आधी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. एवढं बोलायला कितीसा वेळ लागतो? पण तोंडावर गाडी, नाकात तेलाचा वास. मी म्हणालो, "दाबा."

"दाबलं."

बुडबुडे कमी झाले होते. दोन आले फक्त.

"सोडा."

"सोडलं. भाऊजी, मी आज जाणार आहे."

"कुठं?"

"फोंडा घाट उतरला की पुढं एक मुलींची शाळा आहे. लग्नाआधी डीएड केलं होतं ना मी. दिवाळीत अर्ज पाठवला. पत्र आलं ते गल्लीच्या तोंडालाच पोस्टमनकडून घेतलं, घरात येऊ दिलं नाही. सोमवारी हजर व्हायचंय. राहायला खोली देणारेत."

मी गाडीखाली उताणा पडून गिअरबॉक्सकडं बघत राहिलो. तिथं चिखलाचा एक पोपडा होता. तो मी नखानं खरवडायला लागलो. हातांना काहीतरी पाहिजे होतं.

"एसटीनं गेले असते, पण पिशवी घेऊन दारातनं बाहेर पडले की सासूबाई पायरीवरच बसतील. गाडी बघून येते म्हटलं की कोण अडवणार? बॅग सकाळीच डिकीत ठेवलीय. तुम्ही तिकडं सिलिंडर धूत होता तेव्हा."

"आबांना, आईला काय सांगू मी?"

"चिठ्ठी ठेवलीय देवघरात. तुम्हाला काही सांगावं लागणार नाही." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "आणि खरं सांगू का? जायचं की नाही, ते अजून पक्कं नाहीय."

माझ्या जिवात जीव आला. "म्हणजे?"

"काल यांच्या फोटोपुढं उभी राहिले. म्हटलं, गाडी तुमची आहे. मला जाऊ द्यायचं असेल, तर तुम्हीच घाटापलीकडं नेऊन सोडा. नसेल, तर वाटेत अडवा. अडवलंत, तर गुमान परत येईन, तुमच्या माणसांचं म्हणणं मान्य करीन, आणि पुन्हा कधी जायचं नाव काढणार नाही."

"असलं काय, वहिनी! शिकलेल्या तुम्ही..."

"मग कुणाला विचारू? या घरात मला विचारून वागणारं तेवढं एकच माणूस होतं."

मी बाहेर सरपटत आलो, वरच्या बरणीत तेल भरलं. वहिनी ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या होत्या, पदर कमरेला खोचलेला, चपला काढून अनवाणी पाय पायडलवर. माझ्याकडं बघून कसनुसं हसल्या. दोघांचेही डोळे एकमेकांना चुकवत होते. मी पुन्हा खाली गेलो.

"दाबा."

"दाबलं."

एकही बुडबुडा नाही. सलग तेलाची धार. काम झालं होतं.

"सोडा."

"सोडलं. अहो भाऊजी, हे वर यायला आळस करतंय."

"काय?"

"पायडल. मघाशी पाय काढला की टपकन यायचं. आता सावकाश येतंय. बघा, परत दाबते. आलं, पण रेंगाळत."

मी गाडीखालूनच मान वळवून सकाळच्या पेट्रोलच्या वाटीकडं बघितलं.

आमच्या शेडमध्ये आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एक नियम. कुठलाही पार्ट पेट्रोलमध्ये धुतल्याशिवाय आणि ऑइलचं बोट फिरवल्याशिवाय बसवायचा नाही. बेअरिंग असो, गिअर असो, साधा नट असो. चौदाव्या वर्षापासून माझ्या हातांना तेच वळण. आणि या नियमाला एकच अपवाद, तो दादानं मला शंभर वेळा सांगितलेला. ब्रेकचं आणि क्लचचं रबर. त्याला पेट्रोल चालत नाही, इंजिन ऑइल तर अजिबात नाही. त्याचं तेल वेगळं असतं, त्यातच भिजवायचं. नाहीतर रबर फुगतं. सकाळी माझं डोकं पाच वाजताच्या बैठकीत होतं आणि हात आपले सवयीनं चालले होते. नवी कोरी रबरं मी पेट्रोलच्या वाटीत टाकली, चहा पिऊन आलो, पुसली, छान ऑइल चोळलं आणि बसवली. जराशी घट्ट गेली, तेव्हाही वाटलं, नवी आहेत.

पुढं काय होणार हे मला लख्ख दिसत होतं. रबर फुगत जाणार. तेलाची परतीची वाट बुजणार. पायडल दाबलेलं खालीच राहणार, क्लच धरायचाच नाही. इंजिन नुसतं बोंबलणार आणि गाडी जागची हलणार नाही. फार तर दोन-तीन कोस. राधानगरीच्या रस्त्याला लागल्यावर पहिला चढ पुईखडीचा. तिथंच.

रबरांचा दुसरा सेट बिस्किटाच्या डब्यात होता. डबा माझ्यापासून दोन हातांवर. सिलिंडर उतरवून, धुऊन, रबरं बदलून, पुन्हा एअर काढायची म्हटली तरी तासाभराचं काम. दोन वाजत होते. तिनाला वहिनी मोकळ्या झाल्या असत्या. मामा यायच्या आत राधानगरी ओलांडली असती.

"भाऊजी? गप्प का झालात? काही बिघडलंय का?"

मी डोळे मिटले. खरं बोललो तर त्या जाणार. गप्प बसलो तर परत येणार, आणि दादानं अडवलं म्हणून येणार. माझं नावसुद्धा कुठं येणार नाही. क्लच आहे, ब्रेक तर नाही, जिवाला काही धोका नाही, अशी मी माझीच समजूत घातली. माणूस किती हलकट असू शकतो, ते मला त्या दुपारी गाडीखाली कळलं.

"नवीन आहे, वहिनी," मी म्हणालो. "बसायला जरा वेळ घेतं."

"घाट निघेल ना?"

"निघंल की."

त्यांनी सुस्कारा सोडला, तो मला खाली ऐकू आला.

अडीचला त्यांनी गाडी सुरू केली. डोक्याला रुमाल बांधला, पायात चपला घातल्या. आईला दारातूनच सांगितलं, "क्लच कसा झालाय बघून येते." आई म्हणाली, "लौकर ये गं बाई, भजी तळायची हाईत." मी गाडीपाशी उभा, हात पुसत. हात कधीच कोरडे झाले होते, तरी पुसतच होतो. वहिनींनी क्लच दाबला, चेहरा उजळला. "लोण्यासारखा झालाय हो!" मग हळूच म्हणाल्या, "भाऊजी, या घरात तुम्ही एकटेच माझ्या बाजूचे. हे विसरणार नाही मी."

तेव्हाही डबा शेडमध्येच होता. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. मोरपंखी गाडी गल्लीच्या वळणावरून गेली.

पुढचे सव्वादोन तास कसे काढले, ते माझं मला ठाऊक. आंघोळ केली. शर्ट घातला, काढला, दुसरा घातला. गल्लीच्या तोंडाला जाऊन उभा राहिलो, परत आलो, पुन्हा गेलो. पानवाला म्हणाला, "काय रघूदादा, वरातीची घाई झालीय वाटतं!" मी त्याच्यावर खेकसलो. एका मनाला वाटायचं, जाऊ दे, निघू दे गाडी, फुगू नये रबर, घाट उतरून सुखरूप जाऊ दे त्यांना. दुसरं मन पुईखडीच्या चढावर जाऊन उभं होतं. सायकल काढावी, टांग मारावी आणि गाठावं त्यांना, असंही आलं मनात. सायकल काढलीही. चाकात हवा आहे का बघितली आणि पुन्हा भिंतीला लावली.

पाचला दहा कमी असताना ऊस वाहणारा ट्रॅक्टर गल्लीत शिरला. मागं दोराला बांधलेली मोरपंखी गाडी, स्टिअरिंगवर वहिनी. आणि त्याच्या मागं हॉर्न बडवत ज्योतीराममामांची जीप. गल्लीतली सगळी दारं उघडली.

ट्रॅक्टरवाला खाली उतरून दोर सोडता सोडता म्हणाला, "पुईखडीला चढावर हुबी व्हती गाडी. इंजान आराडतंय, चाक काय फिरंना. ताईंस्नी म्हनलं, कुठं सोडू? तर म्हनल्या, मागारी घरी."

मामा जीपमधून उतरले. "आयला, रघू! सून असली गाडी हाकती व्हय रं? आनि तू बघत बसतोस?"

वहिनी माझ्याजवळून आत जाताना क्षणभर थांबल्या. डोळे कोरडे होते. रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. एवढंच म्हणाल्या, "अडवलं त्यांनी."

मी मान हलवली.

आईला डिकीतली बॅग दिसली. "ही पिशवी कसली रं?"

"हत्यारं हाईत," मी म्हणालो आणि बॅग उचलून शेडमध्ये नेली. आत त्यांच्या साड्या आणि प्रमाणपत्रांची फाइल होती. देवघरातली चिठ्ठी बहुतेक त्यांनीच काढून घेतली, कारण तिच्याबद्दल नंतर कुणी काही बोललं नाही.

बैठक अर्ध्या तासात उरकली. आबा भिंतीला टेकून बसले होते, दादा गेल्यापासून त्यांचं कुठंच लक्ष नसायचं. मामांनी घसा खाकरून विचारलं, "पोरी, आमी सगळ्यांनी असं ठरवलंय. तुजं काय म्हननं हाय?" वहिनी पदर घेऊन बसल्या होत्या. बोटांना ग्रीस लागलेलं होतं, ते धुवायलाही कुणी त्यांना वेळ दिला नव्हता. त्या काही बोलल्या नाहीत. मामा म्हणाले, "गप हाय म्हंजी कबूल हाय." सुपारी फुटली. आईनं माझ्या तोंडात पेढा कोंबला. तो मी चावला, गिळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी उठायच्या आत मी सिलिंडर खोलले. रबरं टुम्म फुगली होती, आतून निघता निघेनात. ती मी गल्लीतल्या गटारात फेकली. दुसरा सेट घातला, एअर काढायला शेजारच्या भटारखान्यातल्या माणसाला पायडलवर बसवला. घड्याळ लावून बघितलं. पन्नास मिनिटं लागली.

गाडी पुन्हा झकास चालायला लागली. पण तिनं नंतर एकदाही चालवली नाही. मी दोनचारदा म्हणून बघितलं, तर म्हणाली, "नको. एकदा विचारलं, उत्तर मिळालं. पुन्हा पुन्हा विचारू नये."

हो, आता 'ती' म्हणतो मी. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. दोन मुली झाल्या, दोघी शिकल्या, थोरली पुण्याला आहे, धाकटी इथंच बँकेत. वैजयंतानं गल्लीत बालवाडी काढली, ती वीस वर्षं चालवली. माझ्या आईचं सात वर्षं अंथरुणात केलं, तोंडातून चकार शब्द न काढता. आमची भांडणं झाली ती मिठावरून आणि पंख्यावरून. लोक म्हणतात, रघूचा संसार बघावा. मीही म्हणतो. बाहेरच्या माणसाला काय दिसणार आहे? मला आजही दुपारी झोप लागत नाही. जेवण झालं की उठून शेडमध्ये जातो, हत्यारं इकडची तिकडं करतो, परत येतो. ती म्हणते, "तुमच्या पायाला भिंगरी आहे." असेल.

एक दिवस मात्र मला घरात बसवतच नाही. दादाच्या म्हाळाचा. दरवर्षी ती त्याच्या आवडीचं सगळं करते, घारगे, आमटी, गवारीची भाजी. पान वाढते, फोटोपुढं ठेवते आणि हात जोडून बोलते. मोठ्यानं. लपवण्यासारखं तिला त्यात काही वाटत नाही. म्हणते, "तुम्ही अडवलंत म्हणून हे सगळं मिळालं. पोरी मिळाल्या, घर मिळालं. तुम्ही सांगितलंत तसं राहिले." आणि मी मागं उभा. सव्वीस वर्षं सव्वीस वेळा हे ऐकलं. प्रत्येक वेळी नंतर पानावर बसलो आणि वाढलेलं सगळं संपवलं.

यंदाही तिनं पान वाढलं. हात जोडले. "तुम्ही अडवलंत म्हणून..." एवढं म्हणाली आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"त्यानं न्हाई अडवलं."

ती वळली. "काय?"

"रबर फुगलं होतं. मी पेट्रोलमध्ये धुतलं होतं. ऑइल लावलं होतं. जयवंतदादानं काय बी केलं न्हाई, वैजू. माझ्या हातनं झालं."

तिनं पदराला हात पुसले. मग, मला वाटलं, हसलीच ती थोडीशी. "अहो, मग चूक झाली तुमच्या हातून. एवढं काय त्यात? तुम्हाला तरी कुठं माहीत होतं?"

दार उघडं होतं. बाहेर पडता आलं असतं. खरंच सांगतो, तेवढ्यावर थांबलो असतो तर सगळं मिटलं असतं. पण सव्वीस वर्षं मी थांबूनच होतो.

"माहीत होतं," मी म्हणालो.

"कधी कळलं?"

"तू पायडलवर होतीस तवाच. वर यायला आळस करतंय म्हणालीस, तवा."

"मी निघायच्या आधी?"

"व्हय. दुसरा सेट होता डब्यात. तासाभरात बदलून झाला असता. मी बोललो न्हाई. तू जाऊ नयेस असं मला वाटत होतं. मला तू पाहिजे होतीस, दादा असल्यापासून."

तिनं फोटोकडं बघितलं. मग खाली वाकून ते वाढलेलं पान उचललं, ओट्यावर नेऊन ठेवलं. माझ्याकडं पाठ करून उभी राहिली. मी काहीतरी बोलायला गेलो, तिनं हात वर करून थांबवलं.

"चढावर तासभर बसले होते मी," ती म्हणाली. "दोन एसट्या गेल्या समोरून, फोंड्याच्या. कंडक्टरनं विचारलंसुद्धा, येता का बाई. नको म्हटलं. मला वाटलं, यांनी अडवलंय, आता पुढं जायचं नाही. म्हणून त्या ट्रॅक्टरवाल्याला दोर बांधू दिला."

मग ती वळली.

"तुम्ही अडवलंय असं कळलं असतं ना, तर गाडी तिथंच टाकून चालत गेले असते."